घरचा माणूस व्यसनमुक्ती केंद्रात, मग कुत्रामांजर कुणाकडे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपचारासाठी महिना-सव्वा महिना दाखल होणाऱ्या लोकांची कुत्री-मांजरं पुण्यात आम्ही काही जण आपापल्या घरी ठेवून घेतो. आमची संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. केंद्रातले समुपदेशक किंवा ओळखीचे पशुवैद्य कुणाला तरी नंबर देतात आणि फोन येतो. बहुतेक फोन रात्री येतात, आणि बायकोचे किंवा आईचे असतात. विचारणं तेच ते असतं, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. दारू, गर्द, गांजा, झोपेच्या गोळ्या, व्यसन कुठलंही असो, जनावराच्या बाजूने प्रश्न जवळपास सारखेच. जिथे फरक पडतो तिथे सांगितला आहे.

“वाघ्याला कोण बघणार?” म्हणून हे दाखल व्हायला तयार नाहीत. हा बहाणा समजायचा का?

असेलही बहाणा. पण तसं ठरवून टाकण्यात कुणाचा फायदा नाही. न जाण्याची कारणं व्यसनी माणसाकडे ढिगाने असतात. नोकरी जाईल, हप्ते थकतील, पुतणीचं लग्न आहे, दिवाळीनंतर बघू. या सगळ्यांत कुत्र्याचं कारण असं आहे की ते एका संध्याकाळीत खरोखर सुटतं. ते सोडवा.

दुसरी गोष्ट. नातेवाइकांनी बोलणं टाकलंय, मित्र फक्त बैठकीपुरते उरलेत, अशा माणसाच्या घरात त्याने रोज न चुकता खाऊ घातलेला जीव कधीकधी तो कुत्राच असतो. स्वतः दोन दिवस जेवला नसेल, पण वाघ्याची भाकरी चुकलेली नसते. त्याला “कुत्र्याचं काय एवढं!” म्हणालात की संभाषण संपलं. “वाघ्या मामांकडे जाईल, हे त्यांचं अंगण, घे, बोल त्यांच्याशी” म्हणालात तर निदान एक कारण कमी होतं. सोय त्यांच्यासमोर करा. जमलं तर त्यांनीच जाऊन वाघ्याला सोडून यावं.

आणि कुत्र्याची धमकी कधीही देऊ नका. “दाखल झाला नाहीस तर याला टाकून देईन” हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की माणूस केंद्रात बसूनही घराचा हिशोब करत राहतो, आणि पहिल्याच आठवड्यात “मला घरी जायचंय” सुरू होतं.

किती दिवसांची सोय करून ठेवायची?

केंद्र सांगेल त्यापेक्षा जास्त. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. इतर ठिकाणी महिना, दोन महिने, तीन महिने असे वेगवेगळे कार्यक्रम आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून आलेल्या मानसिक स्थितीलाही लागू होतो. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसताना नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (कायद्याने रुग्णाच्या वतीने बोलू शकणाऱ्या माणसाच्या) अर्जावर जे दाखल केलं जातं, त्याची पहिली मुदत ३० दिवसांपर्यंत असते, आणि गरज पडली तर ती वाढते. म्हणजे पहिल्या दिवशी सांगितलेली तारीख ही शेवटची तारीख असतेच असं नाही.

आम्ही सगळ्यांना एकच सांगतो: केंद्राच्या दिवसांवर तीन आठवडे वाढवा. डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुत्र्याला फिरवायची जबाबदारी अंगावर पडू नये. काहींना ती हवीच असते, काहींना पहिले आठ-दहा दिवस अंथरुणातून उठायचा धीर होत नाही. दोन्ही प्रकार आम्ही पाहिलेत आणि आधी ओळखता येत नाहीत.

न्यायच्या दिवशी कुत्र्याचं काय करायचं?

तो त्या दिवशी घरात नसलेला बरा. आदल्या संध्याकाळीच हलवा.

दाखल करायचा दिवस शांतपणे पार पडतोच असं नाही. आवाज चढतात, कुणीतरी रडतं, दार सताड उघडं राहतं. मालकाला दंडाला धरून कुणी उठवायला लागलं तर एरवी गरीब असलेला कुत्राही अंगावर जातो. त्याच्या दृष्टीने त्याच्या माणसावर हल्ला झालेला असतो. किंवा त्या गोंधळात तो जिन्यावरून पळतो, आणि मग माणसाला गाडीत बसवायचं की कुत्रा शोधायचा, असा पेच पडतो.

पट्ट्यावरचा फोन नंबरही त्याच संध्याकाळी बदला. बहुतेक पट्ट्यांवर मालकाचा नंबर असतो, आणि मालकाचा मोबाइल आता केंद्राच्या कपाटात बंद पडलेला असणार. कुत्रा हरवला तर फोन करणाऱ्याला कुणी उचललाच पाहिजे. बाजारातून पत्र्याचा बिल्ला मिळेपर्यंत पट्ट्यावर आतल्या बाजूने मार्करने लिहा, तेही चालतं.

कुणाकडे ठेवावं: नातेवाईक, बोर्डिंग की आणखी कुणी?

कुत्रा ज्या घरात आधी राहून आलाय ते घर सगळ्यांत उत्तम. मग ते बहिणीचं असो की वरच्या मजल्यावरच्या काकूंचं. फक्त “हो हो, ठेवू की” एवढ्यावर जाऊ नका. त्या घरात दोन वर्षांचं मूल आहे का, सासऱ्यांना दमा आहे का, दुसरा नर कुत्रा आहे का, हे विचारा. आठव्या दिवशी “घेऊन जा बाई तुझा कुत्रा” असा फोन आला तर तो थेट तुमच्या डोक्यावर येतो, आणि त्याच आठवड्यात तुम्हाला केंद्रात कुटुंबाच्या बैठकीला जायचं असतं.

बोर्डिंगवाले रेबीज आणि ‘नाइन-इन-वन’सारख्या लसींची नोंद असलेलं पुस्तक मागतात. व्यसनाच्या घरात ते बऱ्याचदा हरवलेलं किंवा दोन वर्षं मागे राहिलेलं असतं. लस देऊन लगेच दुसऱ्या दिवशी दहा कुत्र्यांत नेऊन ठेवण्यात अर्थ नाही, संरक्षण तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून उपचारांचा विषय घरात निघाला की लस करून टाका, माणूस हो म्हणो वा न म्हणो. पावसाळ्यात गोचीड तापाचा जोर असतो. गोचिडीचं औषध लावूनच पाठवा. बोर्डिंगची जागा स्वतः जाऊन बघा, दुपारी बघा, आणि न कळवता बघा. पिंजऱ्यातून दिवसातून किती वेळा बाहेर काढतात, रात्री माणूस तिथे झोपतो का, हे विचारा. एसी आहे का हा प्रश्न त्यानंतरचा.

तिसरा मार्ग म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरी पैसे देऊन ठेवणं, ज्याला होम बोर्डिंग म्हणतात. पस्तीस-चाळीस दिवसांसाठी आम्हाला हा मार्ग पिंजऱ्याच्या बोर्डिंगपेक्षा बरा वाटतो. चार दिवस पिंजऱ्यात काढणं वेगळं, दीड महिना काढणं वेगळं.

खर्च किती येतो?

शहर, कुत्र्याचा आकार आणि जागा यांवर बदलतो. दिवसाला ₹७०० धरले तरी ३५ दिवसांचे ₹२४,५०० होतात, शिवाय खाणं आणि डॉक्टर वेगळे. ज्या घरात पगार आधीच बारमध्ये गेलाय, तिथे हा आकडा ऐकूनच लोक गप्प होतात. अशा वेळी महिन्याच्या दराने घासाघीस करा, बहुतेक जण कमी करतात. किंवा दोन घरांत वाटून घ्या: पहिले तीन आठवडे एका ठिकाणी, पुढचे दुसऱ्या. जास्त ठिकाणी मात्र फिरवू नका.

खाणं मालकाच्या घरून दिलं तर खर्चही वाचतो आणि पोटही बिघडत नाही. पण खरं सांगा, तो काय खातो ते. संध्याकाळी बैठकीत चकणा खायची सवय लागलेले कुत्रे आमच्याकडे येतात: फरसाण, खारे शेंगदाणे, चिकनची हाडं. त्यांचं पोट नाजूक झालेलं असतं. कांदा-लसणाचा मसाला आणि मनुका तर कुत्र्यांना विषारीच. नवं खाणं आठवडाभरात हळूहळू मिसळत आणावं लागतं.

काही लिहून घ्यायचं का? घरातल्या घरात कागद बरा दिसतो का?

बरा दिसायचा प्रश्न नाही. रात्री अडीचला कुत्र्याचं पोट फुगलं आणि ऑपरेशनला सही हवी असली की कागद आठवतो. कायद्याच्या नजरेत पाळीव जनावर ही मालकाची मालमत्ता. मालक आत, फोन बंद, मग निर्णय कुणाचा?

साध्या कागदावर, मालक शुद्धीत आणि शांत असताना, त्यांच्या हाताने लिहून घ्या. दारू प्यायलेल्या अवस्थेत घेतलेल्या सहीला अर्थ नाही, आणि नंतर तीच भांडणाचं मूळ होते. कागदात एवढं असावं: जनावर कुणाकडे, कधीपासून, साधारण कधीपर्यंत, तातडीच्या उपचाराचा निर्णय घेण्याचा अधिकार कुणाला, खर्च किती रकमेपर्यंत न विचारता करायचा, बरं होणार नाही असा आजार असेल तर शांतपणे मरण द्यायला परवानगी आहे की नाही, आणि उपचार लांबले तर पुढे काय. हे शेवटचं कलम लोक टाळतात. टाळू नका. दोघांच्या सह्या, एका साक्षीदाराची सही, आणि फोटो काढून दोन्हीकडे.

सोबत लसीचं पुस्तक, नेहमीच्या पशुवैद्यांचा नंबर, आणि पुणे-मुंबईसारख्या महापालिकेत असाल तर कुत्र्याच्या परवान्याची प्रत. सांभाळणाऱ्याच्या जवळचा मोठा दवाखाना कुठला तेही लिहा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल बहुतेकांना माहीत असतं, पण तुमच्या गावात रात्री कुठे दार उघडं मिळतं ते आधीच विचारून ठेवलेलं बरं.

सांभाळणाऱ्याला खरं कारण सांगायचं की “बाहेरगावी गेलेत” म्हणायचं?

शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगायचं तो तुमचा प्रश्न. ज्याच्या घरी जनावर महिनाभर राहणार, त्याला खरं सांगा, पण रुग्णाला विचारून. कारण दोन व्यवहारी गोष्टी त्यावर अवलंबून असतात. एक, मुदत लांबू शकते. दुसरी, मालकच मधूनच केंद्र सोडून, कदाचित पिऊन, रात्री दारात उभा राहून “माझा कुत्रा द्या” म्हणू शकतो. त्या वेळी काय करायचं हे सांभाळणाऱ्याला माहीत हवं: दार न उघडता तुम्हाला फोन करायचा, वाद घालायचा नाही, आणि नशेत असताना जनावर हातात द्यायचं नाही. “बाहेरगावी” गेलेला माणूस असा समोर आला तर समोरच्याचा विश्वास उडतो, आणि कुत्र्याची जागाही जाते.

घरात पिऊन मारामाऱ्या झाल्या आहेत. त्याचा कुत्र्यावर परिणाम असतो का?

असतो, आणि तो सांभाळणाऱ्याला आधी सांगायला हवा. बाटली खणकली की पलंगाखाली जाणारे, पुरुषाचा आवाज चढला की लघवी करणारे, पट्टा हातात घेतला की दबकणारे कुत्रे नवीन नाहीत. त्यांना पहिले काही दिवस कोपऱ्यात पडून राहू द्यावं. ओढून लाड करू नयेत. पाहुण्यांना “हात लावा, काही करत नाही” म्हणू नये.

याची दुसरी बाजूही येते. काही कुत्रे नव्या घरी आठवडाभरात इतके मोकळे होतात की न्यायला आलेल्या घरच्यांना ओळखू येत नाहीत. ते मालकाला आनंदाने सांगू नका. तो आधीच अपराधाच्या भावनेखाली दबलेला असतो.

मांजर असेल तर?

शक्यतो हलवू नका. मांजराला माणसाइतकीच जागेची सवय असते. रोज दोनदा येऊन खाणं-पाणी आणि मातीचा ट्रे बघणारं कुणी मिळालं तर ती आपल्या घरी नीट राहते.

हलवणं भाग असेल तर एका खोलीत, खिडक्यांना जाळी बघून, मालकाचा न धुतलेला शर्ट अंथरून ठेवा. नव्या जागी एखादा दिवस ती खात नाही, तेवढं चालतं. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्य गाठा. उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि तापाची म्हणून पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. अर्धी गोळीही मारू शकते.

पोपट आहे. तो कुणाकडे देऊ?

लव्हबर्ड किंवा बजरीगर असतील तर पिंजऱ्यासकट कुणाही माणसाळलेल्या घरी. पण आपला हिरवा, मिठू मिठू बोलणारा पोपट घरात ठेवणंच वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. तारकांकित कासवाचंही तेच. तो दुसऱ्याच्या घरी दिलात तर ती अडचण त्याच्या घरी जाईल. वन विभागाच्या १९२६ वर बोला. आणि परस्पर आकाशात सोडून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी बाहेर तगत नाही.

आम्ही गावाकडचे. दोन म्हशी, चार शेळ्या आहेत आणि धारा हेच काढतात. त्यांचं काय?

आमचा अनुभव कुत्र्या-मांजरांचा, पण असे फोन येतात. म्हशीचा प्रश्न कुत्र्यापेक्षा कडक, कारण एक वेळची धार चुकली तरी कास तटते, आणि दगडी (कासेची सूज) झाली तर सड जातं. शिवाय म्हैस नव्या हाताला पान्हा सोडत नाही. म्हणून जो धार काढणार त्याने दाखल होण्याआधी आठ-दहा दिवस यांच्यासोबत गोठ्यात बसावं. घरातली बाई धार काढत असेल तर उत्तमच, पण तिच्यावर मूल, शेत, गोठा आणि केंद्राच्या फेऱ्या असं सगळं पडणार आहे, हे भावकीने आधी मान्य करावं.

शेळ्या वर्षभरासाठी अर्धलीने देण्याची पद्धत बऱ्याच गावांत आहे. करडं वाटून घ्यायची. घाईघाईने बाजारात नेऊन विकण्यापेक्षा ते बरं. व्यापाऱ्याला घरातली अडचण बरोबर कळते आणि भाव पडतो. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे १२ आकडी क्रमांक आणि विमा असेल तर त्याचे कागद एका वहीत लिहून ठेवा. आजारी पडलं तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२.

केंद्रात न जाता घरीच दारू सोडली तर? मग कुत्र्याचीही चिंता नको.

हा विचार समजतो, पण तो धोक्याचा आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, झोप न लागणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, दिशाभान सुटतं, आणि ती अवस्था जीवही घेते. अशा वेळी भिंतीवर साप दिसणाऱ्या माणसाच्या खोलीत कुत्राही नको.

प्रत्येकाला निवासी उपचार लागतातच असं मात्र नाही. किती पितो, किती वर्षं, आधी फिट आली होती का, यावरून मानसोपचारतज्ज्ञ बाह्यरुग्ण विभागातूनही औषधं देऊ शकतात. गर्दवाल्यांना टर्की लागते, म्हणजे गर्द बंद झाल्यावर शरीराला त्रास सुरू होतो, तेव्हा त्यावरही औषधं आहेत, आणि काही रुग्ण रोज किंवा ठरावीक दिवशी येऊन ती घेतात. कुत्रा घरीच राहण्यासारखा मार्ग आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. फक्त तो निर्णय कुत्र्यामुळे होऊ देऊ नका.

कुत्र्याने मालकाचा गांजा किंवा गोळ्या खाल्ल्या. डॉक्टरांना खरं सांगितलं तर पोलिसांची भानगड होईल का?

पशुवैद्य पोलीस नाहीत. त्यांना जनावर वाचवायचं असतं आणि काय खाल्लं हे माहीत नसेल तर वेळ जातो. गांजा किंवा भांग पोटात गेलेला कुत्रा झोकांड्या देतो, हलक्या आवाजानेही दचकतो, आणि लघवी थेंबथेंब गळत राहते. अनुभवी डॉक्टर ते बघताच ओळखतात, तेव्हा लपवून उपयोगही नसतो. दारूने अंग गार पडतं, साखर उतरते. तंबाखू-गुटख्यातलं निकोटिनही विषारी आहे. पाकीट, पुडी, गोळ्यांची पट्टी, जे सापडेल ते सोबत न्या. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका.

केंद्रातून आल्यावर मिळालेल्या औषधांचंही हेच. पट्टी उशाशी न ठेवता वर, बंद कप्प्यात.

सांभाळणाऱ्याला चावला तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. “घरचाच कुत्रा आहे, लस झालीये” म्हणून सोडून देऊ नका. इंजेक्शनं लागतात की नाही ते डॉक्टर ठरवतील. रेबीज झाला की उपाय उरत नाही. केंद्रातल्या माणसाला त्याच दिवशी हे कळवायची गरज नाही.

आत असताना त्यांना फोटो दाखवावेत का? कुत्र्याला भेटायला न्यावं का?

पहिले आठ-दहा दिवस शरीरातून व्यसन उतरत असतं, तेव्हा नको. नंतर समुपदेशकाला विचारून छापील फोटो पाठवा. मोबाइल आत चालत नाही, कागद चालतो. आठवड्याला एक पुरे. आणि फोटो साधे असू द्या: झोपलेला, ताटलीशी, पावसात भिजलेला. “तुझी वाट बघतोय बघ” असं मागे लिहू नका. त्याने माणूस सुधारत नाही, बॅग भरतो.

कुत्र्याला आत नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. तिथे इतर रुग्ण आहेत, कुणाला भीती असते, कुणाची जखम उघडी असते. फाटकापाशी पाच मिनिटांची भेट काही ठिकाणी परवानगीने होते. आम्ही फारशी सुचवत नाही. भेट छान होते; निरोप दोघांनाही जड जातो, आणि तो कुत्रा रात्रभर भुंकतो ते आम्हालाच ऐकावं लागतं.

मध्येच जनावर दगावलं तर सांगायचं का?

सांगायचं. कधी आणि कसं, ते समुपदेशकाशी बोलून.

घरच्यांचा कल लपवण्याकडे असतो. “आत्ता सांगितलं तर पुन्हा पितील, घरी आले की बघू.” मग पस्तिसाव्या दिवशी माणूस सोबर होऊन दार उघडतो, मोकळी साखळी बघतो, आणि त्याला एकाच क्षणी दोन गोष्टी कळतात: वाघ्या गेला, आणि तीन आठवडे सगळे खोटं बोलत होते. त्या वेळी आसपास ना डॉक्टर असतो, ना गटातले लोक. कोपऱ्यावरचं वाइन शॉप मात्र असतं.

केंद्रात असताना सांगितलं तर तिथे माणसं आहेत. रडायला जागा आहे, रात्री जागं राहणारं कुणी आहे, आणि दुःख न पिता काढता येतं हे पहिल्यांदाच अनुभवाला येऊ शकतं. फोनवर नको, समोर बसून सांगा. काय झालं, कुणी दवाखान्यात नेलं, कुठे पुरलं, सगळं सांगा. “तू असतास तर...” हे वाक्य कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका.

ते आत आहेत तोवर कुत्रा कायमचा कुणाला देऊन टाकला तर? मला आता खरंच झेपत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला आम्ही कधीही वाईट ठरवत नाही. नवऱ्याचं व्यसन, मुलांच्या फिया, वर त्याने हौसेने आणलेला चाळीस किलोचा जर्मन शेफर्ड. त्याचं प्रेम, तिची मेहनत, असंच बहुतेक घरांत असतं. तुमचं “नाही” हे खरं “नाही” आहे.

पण गुपचूप नको. केंद्रात कुटुंबाशी बोलणं होतं, तिथे हा विषय समुपदेशकासमोर काढा. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी सहचरी गट आहे. दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा होतात. असे विषय तिथे निघतात आणि कुणी हसत नाही. तोवर तात्पुरता सांभाळ चालू ठेवा. शेवटी कुत्रा द्यायचंच ठरलं तर मालकाला चांगलं घर शोधण्यात भाग घेऊ द्या. आम्ही ठेवून घेतलेल्या जनावरांपैकी काही अशी दुसऱ्या घरी गेली आहेत, आणि मालक तिथे जाऊन त्यांना भेटतात.

रस्त्यावर किंवा दुसऱ्या गावात नेऊन सोडणं मात्र नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही दहा ते पन्नास रुपये आहे, त्यामुळे कायद्याची भीती कुणी बाळगत नाही. घरात वाढलेला कुत्रा सिंहगड रस्त्यावर तीन दिवस टिकत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ते परत आले. कुत्रा लगेच घरी आणायचा?

आधी भेट, मग एखादी रात्र, मग कायम. जनावर आनंदाने वेडं होईल हे धरून चालू नका. काही कुत्रे पहिल्या दिवशी तोंड फिरवून बसतात. मालकाच्या अंगाचा वास बदललेला असतो, चालही बदललेली असते.

सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या उपचारांनंतर फार उपयोगी पडतात. रिकाम्या संध्याकाळी व्यसनी माणसाला सगळ्यांत अवघड जातात. पण रस्ता बदला! हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक सांगतो. कुत्र्याला जुनी वाट पाठ असते. तो तुम्हाला ओढत नेमका त्या टपरीशी, त्या बारच्या मागच्या दाराशी नेईल, कारण तिथे त्याला रोज पार्लेजी मिळायचं. जुने मित्रही आधी कुत्र्यालाच हाक मारतात. नवा रस्ता, शक्य तर वेगळी वेळ, आणि पहिले काही आठवडे सोबत घरचं कुणीतरी.

फॉलो-अपची तारीख आणि ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग कुत्र्यामुळे चुकू देऊ नका. त्या दिवशी सांभाळायला कुणी आहे का, हे आधीच ठरवा.

पुन्हा स्लिप झाली, म्हणजे व्यसन परत सुरू झालं, तर? कुत्रा पुन्हा काढून घ्यायचा?

स्लिप होते. अनेकांना एकाहून जास्त वेळा दाखल व्हावं लागतं. शिक्षा म्हणून जनावर काढून घेऊ नका, पण त्याला खायला-प्यायला मिळत नसेल किंवा मार बसत असेल तर त्याच दिवशी हलवा. जुना कागद तसाच जपून ठेवलेला असेल तर पुन्हा बोलणी करावी लागत नाहीत. आमच्याकडे दुसऱ्यांदा आलेले कुत्रे आपली गोधडी कुठे आहे ते बरोबर शोधतात.

गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना रोज रात्री हेच खायला घालतात. ते आत गेल्यावर?

ही काळजी खरी असते आणि घरच्यांना ती बहुधा माहीतही नसते. किती कुत्रे, कुठे, किती वाजता, कुणाला औषध चालू आहे, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत वस्तीतल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवरही टाकलेली आहे, तेव्हा सोसायटीशी बोलायला जागा आहे. प्रत्यक्षात एखादी कॉलेजची मुलगी किंवा रात्रपाळीचा वॉचमन हे काम आनंदाने घेतो.

मुलगा अमेरिकेत आहे, तिथे एकटाच. त्याच्या कुत्र्याचं काय होईल?

तिथे काही निवासी केंद्रं जनावरासह प्रवेश देतात. दाखल होण्याआधी थेट विचारायला सांगा. टेक्सासमध्ये डॅलस परिसरात ‘डॉग्ज मॅटर’ ही संस्था नेमकं हेच काम करते: मालक उपचार घेत असताना कुत्रा स्वयंसेवकाच्या घरी ठेवते. आपल्याकडे असं काही उभं राहावं असं आम्हाला फार वाटतं.

फोन कुठे करायचा?

व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६. मन फार खचलं असेल, स्वतःचं किंवा घरच्यांचं, तर टेली-मानस १४४१६. जनावराच्या सरकारी उपचारासाठी १९६२, पक्षी-कासवासारख्या वन्यजीवांसाठी १९२६. जनावर सांभाळायला घर हवं असेल तर तुमच्या केंद्रातल्या समुपदेशकाला आणि नेहमीच्या पशुवैद्यांना, दोघांनाही विचारा. आणि शक्यतो दाखल करायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी विचारा.